कुंडीतल्या मातीचा हिशेब

कुंडीत भाजी पिकवायला चार गोष्टी लागतात: ऊन, पाणी, बी आणि कुंडी भरायला काहीतरी. ऊन फुकट मिळते, मात्र समोर नवा टॉवर उभा राहीपर्यंतच. पाणी महापालिका तिच्या सोयीच्या वेळी देते. बियांचे पाकीट किरकोळ पैशांत येते. खर्च, वाद, पाठदुखी आणि सोसायटीची नोटीस हे सगळे निघते ते चौथ्या गोष्टीतून. कुंडी भरायच्या त्या पदार्थाला नर्सरीत पॉटिंग मिक्स म्हणतात आणि तो स्वस्तात मिळवणे हा शहरी भाजीपाल्यातला सर्वांत अवघड विषय आहे. त्यामानाने टोमॅटो सोपा.

नवा बागाईतदार सुरुवात गावाकडच्या मातीपासून करतो. दिवाळीला गावी गेल्यावर गाडीच्या डिकीत दोन पोती माती टाकली की वर्षाची बेगमी झाली, असा त्याचा अंदाज असतो. दख्खनच्या पठारावरची काळी माती बेसाल्ट खडकाची बनलेली. पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की भेगाळते. कापूस-ज्वारीला ती मानवते, कारण शेतात मुळांना खाली आणि बाजूला हवे तितके पसरता येते. बारा इंची कुंडीत ही सोय नसते. तिथे ती माती जुलैत चिखल होते, आणि एप्रिलमध्ये आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मधोमध उभी राहते. मग घातलेले पाणी मुळांकडे न जाता कडेच्या फटीतून थेट खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर उतरते. मिरची कोरडी आणि शेजारी ओले, अशी स्थिती येते तेव्हा काळ्या मातीचा प्रयोग संपतो.

तांबडी माती त्या मानाने समजूतदार. पाणी धरून बसत नाही, भेगा पाडत नाही. तिच्यात अन्नद्रव्ये बेताची असतात, पण ती वरून घालता येतात. नर्सरीवाला हीच माती पोत्याने विकतो आणि तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी मोफत देतो. वांग्याचे रोप मान टाकते, लव्हाळा मात्र मुळासकट उपटला तरी आठवड्याने पुन्हा हजर.

माती कुठलीही असो, शेतातले पाणी आणि कुंडीतले पाणी यांची वागणूक वेगळी असते. कुंडीच्या तळाशी नेहमी एक ओला थर उरतो, आणि भोक कितीही मोठे पाडले तरी तो आपोआप गळून जात नाही. मातीचे कण जितके बारीक तितका हा थर उंच. त्यावर उपाय म्हणून तळाशी दोन-तीन इंच खडे किंवा विटांचे तुकडे घालायची पद्धत घराघरांत आहे. पण वरची बारीक माती पूर्ण भिजून जड होईपर्यंत पाणी खालच्या खड्यांत उतरतच नाही. म्हणजे ओला थर जातो कुठेच नाही, खड्यांच्या उंचीइतका वर सरकतो, आणि मुळांची जागा मात्र कमी होते. भोकावर एक खापरी ठेवावी, ती पुरते. बाकीचे खडे ज्यांच्या घरून आले असतील त्यांना परत करावेत. खरा उपाय मिश्रणच भुसभुशीत करण्याचा आहे, आणि भुसभुशीतपणा विकत घ्यायला गेले की हिशेब सुरू होतो.

हिशेबात पहिली ठेच लागते ती किलो आणि लिटरमध्ये. कुंडी भरते ती आकारमानाने, पिशवी विकली जाते वजनाने. बारा इंच व्यासाची आणि बारा इंच उंचीची ग्रो-बॅग काठोकाठ भरली तर सुमारे २२ लिटर, आणि वर पाण्यासाठी दोन इंच जागा सोडली तर १८ लिटर घेते. पाच किलोंची तयार मिश्रणाची पिशवी उघडली तर त्यात साधारण सात ते दहा लिटर माल निघतो. म्हणजे पिशवीवरच्या चित्रात लालबुंद टोमॅटोंनी लगडलेले जे झाड असते, त्या झाडाच्या जेमतेम अर्ध्या कुंडीची सोय त्या पिशवीत असते. उरलेल्या अर्ध्या कुंडीसाठी दुसरी पिशवी लागते, तिच्यावरही तेच चित्र असते.

शिवाय वजनात पाणीही मोजले जाते. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे गांडूळखतात १५ ते २५ टक्के ओलावा असावा लागतो. म्हणजे नियमाने वागणाऱ्या विक्रेत्याच्या दहा किलोंतही दीड ते अडीच किलो पाणीच असते. जो नियमाने वागत नाही त्याच्या पिशवीचा हिशेब ज्याने त्याने पिशवी पिळून करावा. नर्सरीत खत उचलून पाहणाऱ्या गिऱ्हाईकाला ‘बघा, कसं जड आहे, अस्सल माल आहे’ असे सांगितले जाते. जडपणा हा तिथे सद्गुण मानतात. कुंडीच्या आणि गच्चीच्या दृष्टीने तो दुर्गुण आहे, पण नर्सरीच्या दारात हे बोलायची पद्धत नाही.

घाऊक बाजाराचे माप तिसरेच. तिथे माती ब्रासने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २,८३० लिटर. यात बारा इंची दीडशे ग्रो-बॅगा भरतात. लिटरमागे भाव काढला तर याहून स्वस्त माती नाही. अडचण एवढीच, की ट्रॅक्टर सोसायटीच्या फाटकात ती ओतून निघून जातो आणि पुढची जबाबदारी घेणाऱ्याची राहते. सरकारदरबारी माती हे गौण खनिज आहे, पण पार्किंगमध्ये पडलेल्या एका ब्रासला कोणीही गौण म्हणत नाही. तीन-चार घरांनी मिळून मागवली तरच हा व्यवहार परवडतो, आणि त्यासाठी त्या तीन-चार घरांचे आपसांत बोलणे असावे लागते.

वजनाचा प्रश्न गच्चीवर गेल्यावर गंभीर होतो. १८ लिटर भिजलेली माती ३० किलोंच्या पुढे जाते. एका चौरस मीटरमध्ये अशा नऊ ग्रो-बॅगा सहज मांडता येतात, म्हणजे २७० किलो झाले. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला आहे. हा आकडा सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत नसतो, पण ‘गच्ची गळायला लागली तर कोण भरणार?’ हा त्याचा प्रश्न त्याच दिशेचा असतो, आणि या एका बाबतीत त्याचे ऐकावे. पिशव्या कडेने, तुळया आणि खांबांच्या रेषेत मांडाव्यात. मधोमध नऊ-नऊंचे पाट घालू नयेत. मिश्रण हलके हवे, ते केवळ मुळांसाठी नव्हे.

हलकेपणाच्या या गरजेतून कोकोपीट घरात येते. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की जो भुसा उरतो तो हा. केरळ-तमिळनाडूत काथ्याच्या कारखान्यांबाहेर एके काळी याचे नुसते ढीग पडलेले असत. आता पोल्लाचीसारख्या ठिकाणांहून तो दाबून विटा करून परदेशी जातो. आपल्याकडे कोकणात सोडणे बंबात घालून आंघोळीचे पाणी तापवतात, आणि त्या बंबाच्या मालकाचा मुंबईतला मुलगा तोच भुसा घरपोच मागवतो. वडिलांना त्याची किंमत कोणी सांगू नये.

पाच किलोंची वीट भिजल्यावर साठ ते पंचाहत्तर लिटर होते, आणि लिटरमागे भाव काढला तर दुकानात सुटा मिळणाऱ्या मालात हीच सर्वांत स्वस्त. भिजवण्याचा विधी रविवारी सकाळी होतो. वीट मोठ्या बादलीत ठेवून वर पाच-सहा तांबे पाणी घालतात. पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही, म्हणून आणखी पाणी घालतात. मग कडा सुटू लागतात, एक थर ढासळतो, त्याखालचा फुगतो आणि बादली भरते. उरलेली वीट टबात हलवतात. टब भरतो. मग धुणे भिजवायचे घमेले येते, पाठोपाठ बाळाच्या आंघोळीचा टब मागवला जातो आणि घरातून ‘तो नाही मिळणार’ असे उत्तर येते. शेवटी तपकिरी भुश्शाचा ढीग बाथरूमच्या फरशीवर उतरतो, आणि दुपारी मोरी तुंबल्याचे लक्षात येते. हा भुसा पाण्यावर तरंगतो आणि जाळीत अडकतो. म्हणून वीट नेहमी बाल्कनीत, जाड प्लास्टिकच्या पोत्यात भिजवावी. पोत्याला बाळाच्या टबासारखा मालकी हक्क नसतो.

स्वस्त विटेत एक खोडही असते. सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर भुश्शात क्षार उतरतात. महाग वीट धुतलेली असते, स्वस्त वीट धुवायचे काम गिऱ्हाईकावर सोडते. दोन-तीन वेळा भरपूर पाण्यात भिजवून निथळले की बहुतेक मीठ जाते. न धुता वापरली तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि दोष ऊन, बी किंवा शेजारणीची नजर यांपैकी कोणाला तरी दिला जातो. दुसरे म्हणजे कोकोपीट पाणी धरते, पण त्यात खाण्यासारखे जवळजवळ काही नसते. उलट ते कॅल्शियम स्वतःकडे ओढून ठेवते. टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने, आणि पाणी कधी फार, कधी मुळीच नाही असे घातले की तो वाढतो. त्यावर अंड्याची टरफले घालतात. ती मातीत विरघळायला इतका वेळ घेतात की तोवर टोमॅटोचा हंगाम संपलेला असतो.

प्रमाणाच्या बाबतीत जाणकारांचे एकमत होत नाही, आणि हे फार जुने आहे. इंग्लंडमध्ये जॉन इनेस संस्थेने १९३० च्या दशकात कुंडीसाठी सात भाग माती, तीन भाग पीट आणि दोन भाग वाळू असे प्रमाण ठरवले. अमेरिकेत मेल बार्थोलोम्यू यांच्या ‘स्क्वेअर फूट गार्डनिंग’ पद्धतीच्या २००६ च्या सुधारित रूपात मातीला जागाच नाही: एक तृतीयांश कंपोस्ट, एक तृतीयांश पीट मॉस, एक तृतीयांश व्हर्मिक्युलाइट. मोबाइलवर पाहून हे सगळे जसेच्या तसे करायला जाणारा पुणेकर पीट मॉसची किंमत ऐकून परत येतो, आणि मिश्रण मोकळे राखणाऱ्या पर्लाइटचे पांढरे दाणे पाहून ‘हा तर थर्माकोल’ म्हणतो. ही प्रमाणे त्या त्या देशातल्या स्वस्त वस्तूंवर बेतलेली आहेत. पीट तिकडे दलदलीतून निघते. आपल्याकडे स्वस्त काय आहे, ते रस्त्यावर शोधावे लागते.

रस्त्यावर पहिले सापडते ते रसवंतीचे चिपाड. मार्च ते मे या काळात गुऱ्हाळवाला ते टाकायचे कुठे या विवंचनेत असतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीची जी पद्धत लोकांना शिकवली, तिचा पाया हेच चिपाड होते. पिशवीचा बराचसा भाग चिपाडाने आणि कुजणाऱ्या पदार्थांनी भरायचा, माती थोडीच. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरावरच्या गच्चीत प्रीती पाटील यांनी त्याच धर्तीवर भाज्या-फळांची बाग उभी केली. त्याच्या आधीपासून कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार पालापाचोळ्यापासून माती घडवता येते, हे आकडे मांडून सांगत होते. माती विकत घ्यायची वस्तू आहे हे यांपैकी कोणालाच पटलेले नव्हते.

चिपाड मागण्याची रीत असते. रिकाम्या हाताने जाऊन ‘कचरा आहे का?’ असे विचारले तर रसवंतीवाला चिपाडाची किंमत सांगतो. आधी एक ग्लास रस, आले-लिंबू घालून, मग ‘दादा, हे टाकणार असाल तर एक पोतं नेऊ का?’ या क्रमाने गेले तर तो स्वतः पोते भरून स्कूटरला बांधून देतो. घरी आणल्यावर ते दोन दिवस पाण्यात बुडवून धुवावे, नाहीतर उरलेल्या साखरेच्या वासाने सोसायटीतल्या मुंग्या तिसऱ्या मजल्यावर एकत्र येतात. चिपाडात नत्र अगदी कमी असते. ते कुजताना आजूबाजूचे नत्र ओढून घेते आणि रोप पिवळे पडते. म्हणून त्याच्याबरोबर शेणखत किंवा जीवामृत हवेच. सुभाष पाळेकरांच्या जीवामृताच्या मूळ प्रमाणात २०० लिटर पाण्याला दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन असते. चार कुंड्यांसाठी हे प्रमाण बरेच खाली आणावे लागते. तरीही घरातले बेसन कुंडीत जाताना पाहून लाडू कधी होणार असा प्रश्न निघतोच, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कृषी पुस्तिकेत नाही.

पालापाचोळा तर चिपाडाहून सोपा. जानेवारी ते एप्रिल या काळात शहरात पानांचे ढीग पडतात आणि बऱ्याच ठिकाणी सकाळी चोरून पेटवले जातात. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत ते आणि ज्यांना हवी आहेत ते, यांची गाठ घालून दिली. पोत्यात दाबून, अधूनमधून पाणी शिंपडून ठेवली की काही महिन्यांत पानांचे काळे, भुसभुशीत खत होते. कोकोपीट जे काम करते तेच हे करते, शिवाय थोडे अन्नही देते. याला खर्च एका पोत्याचा, आणि थोड्या निर्लज्जपणाचा: ओळखीच्या लोकांसमोर रस्त्यावरची पाने गोळा करता आली पाहिजेत. भोर, मावळ, भंडारा, गोंदिया अशा भाताच्या मुलखात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी गिरणीतून भाताचे तूस आणावे. मिश्रण मोकळे राखायला पर्लाइटच्या जागी ते चालते. लाकडाचा भुसा मात्र सुताराला विचारून घ्यावा. प्लायवुडचा असेल तर त्यात गोंद आणि रसायने असतात.

शेणखतासाठी पुन्हा गाव आठवते. शहरात शेणखत किलोने मिळते आणि गोवऱ्या खोक्यात पॅक होऊन घरपोच येतात, हे गावाकडच्या आबांना सांगितले तर ते शांतपणे हातातला चहा खाली ठेवतात. गावाहून आणायचे असेल तर पूर्ण कुजलेलेच आणावे. अर्धवट कुजलेल्या खतात हुमणी असते. जाडसर, पांढरी, अर्ध्या चंद्रासारखी वळलेली ही अळी शेतात उसाची मुळे खाते आणि कुंडीत मिळेल त्याची. खताचा कस तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मुठीत घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून शेण आहे, मातीचा वास आला तर खत.

काही गोष्टी केवळ फुकट आहेत म्हणून कुंडीत जातात. गणपतीनंतर घरच्या बादलीत विसर्जन केलेली शाडू माती त्यांतली मुख्य. भावना चांगली असते, पण शाडू ही अत्यंत बारीक चिकणमाती आहे. कुंडीत ती पाणी अडवते आणि वाळून टणक होते. ती पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी परत द्यावी, पुण्यासह अनेक ठिकाणी ती गोळा करतात. निर्माल्य मात्र कंपोस्टात जरूर घालावे, दोरे आणि प्लास्टिकची फुले काढून. चहाचा चोथा चालतो, पण दूध-साखर धुऊन.

घरचे कंपोस्ट हा स्वस्ताईचा राजमार्ग असे सर्व पुस्तके सांगतात. ते खरेही आहे. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतींना करात सवलतही देते. पण कंपोस्टाला सुक्या पानांची जोड नसेल तर त्याला वास येतो, आणि वासाची तक्रार त्या घरातून येते जिथे रोज सुकट भाजतात. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुकी पाने घातली की दोन्ही पक्षांचे समाधान होते.

हे सगळे जमले की मिश्रण अवघड नाही. दोन घमेली तांबडी माती, दोन घमेली कोकोपीट किंवा पानांचे खत, एक घमेले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड. टोमॅटो, वांगी, मिरचीला बारा इंच खोली लागते, तिथे खालचा अर्धा भाग धुतलेल्या चिपाडाने किंवा पानांनी दाबून भरावा. महिन्याभरात तो खाली बसतो, तेव्हा वरून पुन्हा मिश्रण घालावे. मेथी, कोथिंबीर, पालकाला सहा इंच पुरतात. त्यांच्यासाठी बारा इंची पिशवी भरणे म्हणजे दोन माणसांच्या वरणभाताला पंगतीचे पातेले चढवणे आहे. मापात शंका आली तर मूठ दाबून पाहावी: गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा. गोळा फुटत नसेल तर माती जास्त, झालाच नाही तर कोकोपीट जास्त.

बहुतेक लोक खरी उधळपट्टी करतात ती दुसऱ्या वर्षी. हंगाम संपला की जुने मिश्रण टाकून नवे आणतात, कारण नर्सरीवाला ‘त्यातला कस गेला’ असे सांगतो. कस जातो तो अन्नद्रव्यांचा, आणि ती चौथा हिस्सा नवे खत मिसळले की परत येतात. भुसभुशीतपणा बराचसा टिकून असतो. मे महिन्यात जुने मिश्रण मोकळे करून, मोठी मुळे आणि हुमण्या वेचून, ओले करून गच्चीवर पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवावे. सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी बरीच कमी होते. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले असल्याने त्यांच्या मिश्रणात पुढच्या वेळी घेवडा किंवा पालेभाजी लावावी. पहिल्या पावसाआधी हे मिश्रण पोत्यात भरून पत्र्याखाली ठेवावे आणि पोत्यावर मोठ्या अक्षरात घरक्रमांक लिहावा. उघड्यावर राहिले तर पाऊस त्यातले नत्र धुऊन नेतो, आणि नाव नसले तर सफाईवाला पोतेच घंटागाडीत टाकतो.